भिंगरीची शिक्षा

प्रिय ताई,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि तुझा रडवेला आवाज ऐकला की मीही पाघळतो. म्हणून लिहायला बसलोय. मध्येच फाडू नकोस, एवढंच मागणं.

आधी बातमी. बेकरीवाल्याच्या मुलीला काल वॉर्डात हलवलं. जखम चिघळलेली नाही, पण डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, उजव्या हाताची दोन बोटं गेली ती गेलीच. तिचा बाप दिवसभर बाहेर बसून असतो. मला पाहिलं की सरकून जागा करून देतो. त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दाजी शाळेत येऊन गेले. कमिटीवर असल्यामुळे त्यांना हेडमास्तरांच्या खोलीत कुणी अडवत नाही. तिथं ठरलंय असं, की करवतीचं बटण बिघडलेलं होतं आणि ते आपोआप दबलं. म्हणजे यंत्रांची देखभाल करणारा मिस्त्री दोषी. त्याला घरी बसवलंसुद्धा. आता वर्कशॉपचा मास्तर म्हणून चौकशीच्या कागदावर माझी सही तेवढी हवी आहे. ‘तुझ्या भावाला समजाव’ असं दाजींनी तुला सांगितलं असणार, त्यामुळेच तुझे एवढे फोन.

ताई, बटण बिघडलेलं नव्हतं. तुलाही ते ठाऊक आहे. तास संपला की मुलं भुसा झाडतात. त्याआधी भिंतीवरचा विजेचा मोठा खटका मी बंद करतो, आणि माझ्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही, हा आमचा पहिला नियम. त्या दिवशी ती पोर ब्रश घेऊन पात्यापाशी वाकली होती. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला रंधे कपाटात ठेवत होतो. तुझ्या भिंगरीनं खटका वर केला आणि हिरवं बटण दाबलं. मैत्रिणीला दचकवायला. तिचं हसणं मला ऐकू आलं, आणि मग ती किंकाळी.

हीच गंमत तिनं मागच्या सत्रातही केली होती. तेव्हा कुणाला लागलं नाही. मी तिला मशीनपासून लांब केलं. सत्र संपेपर्यंत हातानं पॉलिश पेपर घासायचा, बाकी कशाला शिवायचं नाही, असं सांगितलं. तू किती चिडली होतीस. सख्खा मामा असून पोरीचा चारचौघांत पाणउतारा करतो, म्हणालीस. दाजींनी हेडमास्तरांना सांगितलं, हेडमास्तरांनी मला, आणि आठवड्याच्या आत भिंगरी हसत हसत करवतीपाशी उभी. नियम असतात, पण ते इतरांसाठी, एवढंच ती त्यातून शिकली.

तू अशी का वागतेस हे माझ्याइतकं कुणाला कळणार? जिन्यात बाबांच्या बुटांचा आवाज आला की आपण दोघं पलंगाखाली शिरायचो. पट्टा निघाला की तू मला मागे ढकलायचीस. माझ्या वाट्याचे किती वळ तू पाठीवर घेतलेस, ते मी विसरलेलो नाही. आणि तेच बाबा पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचे, आमच्या घरात शिस्त आहे. तेव्हापासून तुला तो शब्दच नको झाला. माझ्या लेकीशी कुणी चढ्या आवाजात बोलायचं नाही, हे तू तिच्या जन्माआधीच ठरवलं असशील. पण ताई, आपल्या घरी शिस्त नव्हतीच ग. एक दिवस दूध सांडलं म्हणून मार, दुसऱ्या दिवशी तेच सांडलं तर हसण्यावारी. मार कशाला बसेल हे आपल्याला कधी कळलंच नाही. ती नुसती भीती होती. मी इतकी वर्षं शिकवतोय, एकाही पोरावर हात उगारलेला नाही. पण करवतीपाशी नियम मोडला की मूल बाहेर, मग ते कुणाचंही असो. पोरं धुसफुसतात, पण मनातून त्यांना हायसं वाटतं. खटक्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे, या भरवशावरच ती तिथं हात घालतात. त्या मुलीनंही त्याच भरवशावर घातला होता.

आता ज्यासाठी लिहितोय ते सांगतो. आज शाळा सुटल्यावर भिंगरी माझ्याकडे आली होती. तुला मैत्रिणीकडे जाते असं सांगितलं असेल. बूटही न काढता दारात उभी राहिली. वाळलीय ती. म्हणाली, “मामा, मला शिक्षा कधी करणार?” मग म्हणाली, घरी सगळे सांगतात तू काही केलंच नाहीस, आई हातानं भरवते, बाबांनी नवी सायकल आणली. “पण मीच केलं ना, मामा. मग मला कुणी काहीच का म्हणत नाही?” आपल्याला शिक्षा न मागता मिळायची; ही पोर ती माझ्याकडे मागत होती, पण तिला हवी असलेली शिक्षा अगदीच वेगळी होती. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. तू काही केलं नाहीस, असं मात्र म्हणालो नाही. उद्या सकाळी चौकशीत ती स्वतः सगळं सांगणार आहे. मी सही केलेली नाही, करणारही नाही. तिला बहुधा शाळेतून काढतील. माझीही नोकरी जाईल, कारण मुलांवर नजर ठेवणं माझं काम होतं. चौकशी झाली की मी तिला हॉस्पिटलात नेणार आहे, तसं कबूल केलंय. ती मैत्रिणीला काय सांगेल, त्या मुलीचा बाप काय करेल, मला माहीत नाही. जाताना तिनं एकच विचारलं, आई येईल का? मी म्हटलं, विचारतो. हवं तर पुढं जन्मभर माझं तोंड पाहू नकोस, ताई. पण उद्या ये. आणि नाहीच जमलं, तर सकाळी तिची वाट अडवू नकोस.

तुझाच,
धाकटा