तारेचा आकडा

४ जून

चि. चिमणीस,
अ. आ.

तुझ्या उशाजवळच्या यंत्राने धाडलेला अहवाल दवाखान्याने नेहमीसारखा माझ्याकडे पाठवला. पेसमेकरच्या तारेचा रोध ५४२ ओहम. उत्तम! आईचा चहा दोन दिवस सारखा लागत नाही, पण तुझं हृदय शिस्तीचं. जुलैअखेर नोकरीत कायम झालीस की पेढे आमचे.

पत्राला आळसू नकोस.
तुझे बाबा

९ जुलै

ती. बाबांस,
सा. न.

सोमवारी प्रयोगशाळेच्या जिन्यात माझी शुद्ध हरपली. कपाळाला तीन टाके आहेत. इथल्या डॉक्टरांनी मोजलेला रोध २९०० ओहम. सातव्या वर्षी हृदयातलं भोक बुजवताना बसवलेली तार मी वाढले तशी ताणली गेली आणि आता तुटत आली आहे. पुढच्या वेळी शुद्ध येईलच असं नाही, असं ते म्हणाले.

जानेवारीतही तुम्ही ५४२ लिहिलं होतं. धडधडत्या हृदयातला आकडा थोडा तरी हलतो. उपकरणं तपासणं हे माझं कामच आहे. तरी शंका घेतली नाही, कारण अक्षर तुमचं होतं.

जूनचा खरा आकडा कळवा. फोनवर नको, लिहून द्या.

आपली मुलगी

१३ जुलै

चि. चिमणे,
अ. आ.

१९००. महिन्याभरात तार बदला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला वाटलं, ऑपरेशनचं कळलं तर नोकरी हातची जाईल. महिन्यावर आणखी चार आठवडे निभतील. म्हणून जानेवारीचाच आकडा उतरवला. आई म्हणाली, पोरीला कळू द्या. मीच तिला गप्प केलं. तू बारा दिवसांची असताना हृदयातलं भोक कळलं, तेव्हापासून तुझं सगळं आम्हीच ठरवत आलो गं, ती खोड जात नाही. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायला येतोच आहे.

रागावलीस तरी माया असू दे.
बाबा

१७ जुलै

ती. बाबांस,
सा. न.

सही मी केली. सव्वीस वर्षांच्या बाईला वडिलांची सही लागत नाही. दवाखान्यातला संपर्काचा नंबरही बदलला. यापुढे अहवाल माझ्याकडे येतील. आईला स्वतंत्र पत्र टाकलं आहे.

ऑपरेशन बुधवारी आठला. यायचं तर या. मात्र डॉक्टर माझ्याशी बोलतील तेव्हा तुम्ही बाहेर बाकावर बसायचं, लहानपणी मला बसवायचात तसं. किती वेळ लागेल, हे मलाही कोणी कधी सांगितलं नव्हतं.

आपली मुलगी