पहिले शंभर दिवस आणि बाजारातला संडास

३ डिसेंबर
महापौरपदाला उभं राहायचं नक्की. चौतीस वर्षं हेडमास्तर होतो. अर्धं गाव माझ्या हातचा मार खाऊन मोठं झालंय, म्हणजे अर्धी मतं आजच खिशात. पहिल्या शंभर दिवसांचे अग्रक्रम लिहिले. सत्तावीस झाले. बायकोला, एडिसाला, वाचून दाखवले. एकोणिसाव्याला तिचा डोळा लागला.
क्रमांक एक: कंपालाला आहे तसा घड्याळाचा मनोरा.

६ डिसेंबर
जनतेचं ऐकायला बाजारात गेलो. दीड तास बोललो. मग नालोंगोने तोंड उघडलं. ही केळीवाली, बाजारातल्या बायकांची पुढारी. जुळ्यांची आई, म्हणून सगळे तिला नालोंगो म्हणतात. तिची तक्रार: बाजारातल्या संडासाला दोन वर्षं दार नाही, एक बाई आत जाते, दुसरी बाहेर कापड धरून उभी राहते. मी मनोऱ्याचे फायदे समजावले. गावाला वेळ कळेल.
"वेळ आली की कळतेच हो, मास्तर," ती म्हणाली. "जायचं कुठे ते सांगा."
बायका बराच वेळ हसत होत्या. सभा रंगली. दाराची नोंद घेतली: क्रमांक अठ्ठावीस.

१२ डिसेंबर
नालोंगोनेही अर्ज भरलाय म्हणे. जाहीरनामा एका शब्दाचा: दार. कीव आली.

२० डिसेंबर, सकाळी ११
रेडिओवर वीस मिनिटं मिळाली. अठरा प्रस्तावनेत गेली. ऐकणाऱ्या एका बाईने फोन करून दाराचं विचारलं. अभ्यास समिती नेमू, म्हणालो. आवाज ओळखीचा वाटला. घरी आलो तर एडिसा फोन चार्जिंगला लावत होती. योगायोग.

९ जानेवारी
बाजारात मोठी सभा. आधी कार्यकर्त्यांनी आग्रह करकरून बकऱ्याचं मटण वाढलं. चौथ्या मुद्द्याला पोटात कळ. पाचव्याला मंच सोडला. पळालो असं म्हणणार नाही, झपाझप चाललो. संडासापाशी पोचलो आणि आठवलं. मागे अख्खी सभा, त्यात निम्मे माझे विद्यार्थी.
नालोंगो आली. खांद्यावरचं कापड काढून दोन्ही हातांनी ताणून धरलं, माझ्याकडे पाठ केली आणि जमलेल्यांना हाकललं. बराच वेळ उभी होती. तिचे हात भरून आले असणार. माझ्यासाठी असं कोणी उभं राहिल्याचं आठवेना. बाहेर आल्यावर आभार मानायला शब्द सापडेनात. मला. हेडमास्तरला.
तीच म्हणाली, "हात धुवा, मास्तर. अजून तेवीस मुद्दे राहिलेत."

१० जानेवारी
दार क्रमांक एकवर घेतलं, मनोरा दोनवर. या प्रश्नाचा इतका ताजा अनुभव दुसऱ्या कुठल्या उमेदवाराला आहे? मुद्दा आता माझाच.

२२ जानेवारी
निकाल. नालोंगो ४,११८. मी ६१. मोजणीत काहीतरी गडबड आहे. एडिसाने मत कोणाला दिलं, विचारणार होतो. विचारलं नाही.

२० मे
जुन्या महापौरांची मुदत संपली, काल नालोंगोचा शपथविधी. आज सकाळी दार बसलं. पाहणी करणं नागरिकाचं कर्तव्य, म्हणून गेलो. आत शिरलो, कडी लावली. नीट लागते. अंधार, गारवा, शांतता. पुढच्या निवडणुकीचे अग्रक्रम भराभर सुचू लागले. नवव्यावर होतो तेव्हा दारावर थाप पडली.
"मास्तर," महापौर बाहेरून म्हणाल्या, "आटपा आता. बायका खोळंबल्यात."