पुढाऱ्याच्या आईची भाकरी

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि मी आता जालन्यात तुमचाच विषय शिकवते, नववीच्या पोरींना इतिहास. हे ऐकून तुम्ही आधी हसला असता आणि मंग विचारलं असतं, पुरावा काय? वर्गात कुणी एक वाक्य बोललं की तुमचा हाच सवाल. माझं अर्धं भाषण तुम्ही त्यापायीच लाल शाईनं खोडल्तं, आणि मी टेंभुर्णीच्या शाळेमागं जाऊन रडून आल्ते.

वक्तृत्व स्पर्धेला तुम्ही बाकीच्यांना ओळखीचे पुढारी वाटून दिले आणि मला दिला पॅलेस्टाईनचा, मुलखाबाहेर हाकललेला. मी तोंड वाकडं करून म्हणाले, "सर, ह्याला तर गावच न्हाई." "मंग त्याचं गाव तू सांग," म्हणालात, आणि त्याची सगळी हयात फळ्यावर एसटीच्या रूटवर मांडली. टेंभुर्णीतनं हुसकावला, जाफ्राबादला उतरला, ते अम्मान. तिथून काढला, जालन्याला आला, ते बैरूत. तिथूनही हाकलला, मंग समुद्रापार ट्यूनिस. ट्यूनिसला आपल्याकडं स्टॉपच न्हाई, म्हणून ते तुम्ही फळ्याबाहेर भिंतीवर लिहिलं. "दर मुक्कामाला नवं ऑफिस, नवी माणसं, अन् मागणी तीच, घरी जाऊ द्या. ह्यालाच त्याची कारकीर्द म्हण." तेव्हापासून तो माणूस मला सोयऱ्यातला वाटायला लागला.

स्पर्धेचा दिवस. जुन्या जालन्यातला हॉल खचाखच भरलाय, तुम्ही पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलाय, आणि बैरूतनंतर मला बिलकुल काही आठवत न्हाई. मंग तोंडून निघून जातं, की तो घर सोडून निघाला तेव्हा त्याची आई भाकरी टाकत होती. म्हणाली, गरम आहे तोवर परत ये. एका परीक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले. पहिला नंबर आला. परतीच्या बसमध्ये तुम्ही विचारलंच, "ते भाकरीचं कुठं वाचलं?" "अब्बांच्या रेडिओवर ऐकलं," मी म्हणाले, कारण रेडिओचं पान काही उघडून दाखवता येत न्हाई. तुम्ही त्याचा पुरावा न मागता शेवेचा पुडा पुढं केला.

पुढच्या वर्षीपासून तुम्ही ती गोष्ट प्रत्येक वर्गाला सांगायला लागलात. माझ्या धाकट्या बहिणीनं ती तुमच्या तासावरनं घरी आणली तेव्हा भाकरी ज्वारीची झाल्ती आणि सोबत लसणाची चटणी. चटणी मी घातली नव्हती, सर. मी पोट धरून हसले. तरी खरं काय ते सांगायला तुमच्या दारापर्यंत यायचे आणि परत फिरायचे, तुमच्या मनातून उतरायची भीती होती. तसंच राहून गेलं.

काल त्या मुलखाच्या बातम्या बघून पोरी गप्प बसल्त्या, म्हणून मी गोष्ट सांगितली, चटणीसकट. हसल्या बिचाऱ्या. एक मात्र उठली, "मॅडम, असं खरंच झाल्तं का?" मला इतका आनंद झाला की तिचा पापा घ्यावा वाटला. आणि तोंडातून काय निघालं? आमच्या सरांनी सांगितलंय. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

हे पत्र टाकायला पेटी न्हाई, वहीतच राहील. उद्या पहिल्या तासाला त्या पोरीला सांगणार आहे, भाकरी माझी होती. चटणी कुणाची, ते मी कुणाला कळू देणार न्हाई.