शिंप्याच्या दुकानातला कुलूपवाला

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५
सकाळचे सव्वासात. कामावर जायला शर्टाची बटणं लावत होतो, ती अर्धी ठेवून लिहायला बसलो आहे.

वहिनी,

नमस्कार. दादा फेरीवरून ट्रक घेऊन परतला असेल तर त्यालाही, आणि ठमीच्या दोन्ही गालांना एकेक पापा.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. "फोन उचलत नाही, तेव्हा आता कागदावर ओरडते," असं लिहिलंत. ओरडा. माझी तब्येत बरी आहे. खोलीत आम्ही तिघे. एक बेकरीत आहे, तो पहाटेच जातो. दुसरा दिवसभर घोरतो. खिडकी एकच आणि ती समोरच्या भिंतीवर उघडते, त्यामुळे थंडी आली की नाही हे रस्त्यावर गेल्यावरच कळतं. तुम्ही विणलेला स्वेटर अजून धड आहे, फक्त एक कोपर उसवलं.

ठमीचा खोकला थांबला का? दार नुसतं लोटलं तरी ती किंचाळून उठते, असं तुम्ही लिहिलंत. तिथे मी पत्र घडी करून ठेवलं. पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं.

"आमचे भाऊजी नकाशे काढतात," असं तुम्ही शेजारच्या काकूंना सांगता. काढत नाही वहिनी, नकाशा तयारच असतो. फोनवर जवळचं दुकान शोधलं की लाल खुणा दिसतात, त्या लावायचं आमचं काम. शाळा नववीत सुटली, पण माझं शुद्धलेखन बरं, म्हणून घेतलं. आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'घड्याळ' म्हणतो. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "वेलांटी बरोबर असली ना, की माणूसही बरोबर वाटतो. तू कामाचा आहेस." मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं. घरी कळवलंही होतं.

ती दुकानं नसतात. नाव असतं, वेळा असतात, "कारागीर सज्जन आहे, दर वाजवी" असे अभिप्राय असतात, तेही आम्हीच बसून लिहितो. जागेवर मात्र काही नसतं. कुठल्याही खुणेवर फोन लावा, तो आमच्याच ऑफिसात वाजतो. मग आम्ही लांबच्या कुठल्यातरी ड्रिलवाल्याला पाठवतो. तो दार फोडतो, सांगितल्याच्या दहापट घेतो आणि निम्मे मालकाला देतो.

खूण लावायला बंद पडलेली जागा लागते, म्हणजे विचारायला कोणी येत नाही. एका दुपारी घरची फार आठवण येत होती, म्हणून पडद्यावर आपली गल्ली काढली. कोपऱ्यावरचा शिंपी गेल्यापासून त्याचं शटर खालीच आहे. त्या पायरीवर तुम्ही ठमीला घेऊन बसता. तिथे मी खूण लावली. नाव दिलं 'भरवसा कुलूप-किल्ली'.

तुम्ही लिहिलंत, "ठमीने स्वयंपाकघराला आतून कडी लावली आणि गॅसवर दूध! फोनमध्ये पाहिलं तर कुलूपवाला आपल्याच कोपऱ्यावर. अनवाणी धावले. हात सुजेपर्यंत शटर बडवलं. मेला झोपलाय की काय, असं वाटलं." मग घरी येऊन फोन केलात. फोन घेणाऱ्याबद्दल एवढंच लिहिलंत, की माणूस आवाजावरून सभ्य होता.

"अहो, मूल आत आहे हो! लवकर या!"

"पत्ता सांगा, बाई."

तुम्ही मला आपल्या घराचा पत्ता सांगितलात. तो मी लिहून घेतला.

"कारागीर बाहेर गेलाय. पंधरा मिनिटांत पोचतो."

तुम्ही मग हळूच म्हणालात, "भाऊजी?"

घड्याळसाहेब माझ्या पाठीशी उभे राहून तोच फोन ऐकत होते. मी म्हणालो, "नाही बाई, हे सेवा केंद्र आहे."

हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. विसरलात की मुद्दाम गाळलंत, ते मला कळत नाही. फोन उचलत नव्हतो तो याचसाठी. माझं "हॅलो" ऐकलं असतंत तर तुम्हाला कळलं असतं.

आणखी एक आहे. ते दार माझ्या लहानपणापासून खाली बसलेलं आहे. हँडल धरून वर उचलायचं आणि खालच्या कोपऱ्याला गुडघ्याने रेटायचं, कडी आपोआप निसटते. मी अडकलो की दादा मला असाच बाहेर काढायचा आणि वर एक टपली मारायचा. त्या दिवशी त्याचा फोन लागत नव्हता. मला तर सगळं ठाऊक होतं. तोंडाशी आलेलं वाक्य मी नोकरीसाठी गिळलं. ड्रिलवाला यायला तास गेला. काकूंनी बाहेर ठेवलेला सिलिंडर बंद केला म्हणून निभावलं, तरी भांडं जळून खोली धुराने भरली. खिडकीची काच फोडून, गजांतून हात घालून तुम्ही ठमीचं तोंड बाहेर धरून ठेवलंत. मग तिच्या दवाखान्यातल्या दोन रात्री. आता त्या दाराच्या जागी पडदा आहे म्हणता. तेव्हा ही युक्ती आता कुणाच्या कामाची नाही.

"तुम्ही तिथेच आहात, तर साहेबांना सांगून ते खोटं दुकान पुसा, आणखी कुणाचं लेकरू अडकायला नको," असं तुम्ही लिहिलंत. बुधवारी पुसलं. शुक्रवारी पाहतो तर तिथे नळवाला बसलेला, चार तारे घेऊन. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "जागा रिकामी होती, लावला." मी घड्याळसाहेबांना सांगितलं, ती जागा नको, माझं घर तिथे आहे. ते म्हणाले, "अरे, प्रत्येक खुणेजवळ कुणाचं ना कुणाचं घर असतंच की." आणि मला नवी वीस नावं दिली.

पाळी आठची होती. आता साडेआठ होत आले. त्यांचा फोन दोनदा वाजून थांबला. बटणं अजून तशीच आहेत.

दादाला सगळं वाचून दाखवा. मी येऊ का, ते त्याला नको, तुम्हालाच विचारतो. दारात उभं करणार नसाल तरी तसं कळवा.

तुम्ही ओळखलात तो आवाज माझाच होता.

तुमचा
भाऊजी

ता. क. ड्रिलवाल्याने तुमच्याकडून घेतले साडेचार हजार. पाकिटात दोन हजार आहेत. म्हणजे देणं अडीच हजार, शिवाय दवाखान्याचे, तो आकडा तुम्ही लिहिलेला नाही, कळवा. मालकाची उचल माझ्या अंगावर तीन हजार. तुमच्या त्या फोनचे माझ्या वाट्याला दीडशे आले. ते मोडलेले नाहीत. वेगळ्या कागदात बांधून पाकिटातच ठेवले आहेत, ते दोन हजारांत धरू नका.