टेबलाच्या टोकाचा कॉर्नब्रेड

माउंट नेबो चर्चमागचा रस्ता, अलाबामा
ऑगस्टचा दुसरा मंगळवार

आदरणीय अर्नेस्टीनताईस,

धाकट्या कॉर्डेलचा उभ्याउभ्याच नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, मन वाकलंय असं समज). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? डेट्रॉइटला ऑगस्टमध्येसुद्धा संध्याकाळी स्वेटर लागतो म्हणे, ऐकूनच अंगावर काटा येतो. डॉक्टरांनी तुझी साखर बंद केल्याचं तुझ्या सुनेकडून कळलं. वाईट वाटलं, पण अगदी खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, कारण तू उत्तरेला जाऊन मक्याच्या कॉर्नब्रेडमध्ये साखर घालायला लागलीस तेव्हापासून मी तुला हेच सांगतोय. तेव्हा तू माझ्याशी चार महिने बोलली नव्हतीस. आता डॉक्टरांशीही तशीच वाग, म्हणजे मला न्याय मिळाला असं होईल.

पत्र लिहितोय याचं नवल वाटेल. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतेस आणि माझा विषय राहून जातो. आणि विषय असा आहे ताई, की मला गेले तीन दिवस खुर्चीवर बसवत नाहीये. एकाहत्तर वर्षांचा माणूस घरात येरझाऱ्या घालतोय, शीळ वाजवतोय, डेल्मरला कुंपणावरून तीनतीनदा तेच सांगतोय (डेल्मर म्हणजे तोच, शेजारचा, ज्याला तू लहानपणी तळ्यात ढकललं होतंस. त्याने अजून माफ केलेलं नाही, पण नमस्कार सांगितलाय).

तर ऐक. जुलैच्या शेवटच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर होमकमिंगची बैठक झाली. परगावी गेलेली सगळी माणसं त्या रविवारी चर्चला परत येतात आणि पेकनच्या झाडाखाली टेबलं मांडून जेवतात, हे तुला आठवत असेल अशी आशा आहे, कारण तू अकरा वर्षांत आलेली नाहीस. महिला मंडळाच्या पर्डीबाई वही घेऊन उभ्या. कोंबडी कोण, कॉलर्डची पालेभाजी कोण, पीचचा गोड कोबलर कोण. असं करत करत त्या टेबलाच्या टोकाला आल्या, भाजीच्या पातेल्याशेजारी, जिथे तुझी भावजय, आमची व्हर्नेल, एकतीस वर्षं तळलेल्या कॉर्नब्रेडची परात घेऊन उभी राहायची. तिला जाऊन दहा महिने झाले. हे तिच्याशिवायचं पहिलंच होमकमिंग. पर्डीबाई घसा साफ करून म्हणाल्या, ही जागा आता रिकामी आहे, तर गिलियमबाई तिथे त्यांचे मफिन ठेवतील.

गिलियमबाई माणूस सोन्यासारख्या आहेत, त्यांच्याबद्दल मला एक शब्द वाईट बोलायचा नाही. पण त्यांचा कॉर्नब्रेड तयार पिठाच्या खोक्यातून निघतो, कागदाच्या वाटीत बसतो आणि इतका गोड असतो की वर मेणबत्ती लावली तर वाढदिवस साजरा होईल. मी काही ठरवून बोललो नाही गं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "ती जागा रिकामी नाही, मी तळणार आहे." सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले तेव्हा कळलं की तो मीच.

चर्चमध्ये जे हातपंखे सतत हलत असतात, ते थांबले. पर्डीबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कॉर्डेलभाऊ, तुम्हाला पाणी तरी उकळता येतं का?" मी म्हटलं, चौतीस वर्षं शाळेची बस चालवली, एक मूल हरवलं नाही. त्या म्हणाल्या, "मुलं तळायची नसतात." (लोक हसले. डेल्मर सगळ्यात मोठ्याने हसला, तेही लिहून ठेवतो.) शेवटी असं ठरलं की दोन आठवड्यांनी शनिवारी पर्डीबाई, गिलियमबाई आणि त्यांच्या मंडळातल्या आणखी एक बाई माझ्या घरी येऊन चव घेणार. जमलं तर जागा व्हर्नेलची. नाही जमलं तर मफिन.

तू म्हणशील, दोन हात लांबीच्या जागेसाठी एवढं काय. मीही स्वतःला तेच समजावलं. पण ताई, त्या जागी एकदा कागदाच्या वाट्या आल्या ना, की पुढच्या वर्षी लोकांना वाटेल त्या तिथेच असायच्या. तिथे कुणी उभं असायचं, रांगेआधी हात घालणाऱ्याच्या मनगटावर चमचा मारायचं, हे कुणी बोलणारसुद्धा नाही. ते मला सोसलं नसतं. बस, एवढंच आहे.

आता कृती. कृती कुठेच लिहिलेली नाही. मी तिला एकदा विचारलं होतं, पीठ किती घेतेस? म्हणाली, लागेल तितकं. पाणी? पीठ मागेल तितकं. तळायचं किती वेळ? होईपर्यंत. पुढे विचारायची सोय नव्हती. एवढं मात्र मला माहीत होतं की मक्याच्या पिठावर उकळतं पाणी ओतायचं, मीठ, चमचाभर बेकनची चरबी, मग ओल्या हाताने वडे थापायचे आणि बिडाच्या तव्यात चरबी तापवून सोडायचे. अंडं नाही, दूध नाही, आणि तुझ्या माहितीसाठी, साखर नाही. ऐकायला किती सोपं. बस चालवणंही बघणाऱ्याला सोपंच वाटायचं.

सोमवारी पहिला प्रयोग. दुकानातून जिच्यावर सगळ्यात सुंदर चित्र होतं ती पिशवी आणली. ते निघालं सोडा घातलेलं, आपोआप फुगणारं पीठ. त्यावर उकळतं पाणी पडल्यावर ते असं काही फसफसलं की मी दोन पावलं मागे सरलो. तव्यात सोडले तर वडे सुटून त्यांचा भुगा झाला आणि तो चरबीवर तरंगत गोल फिरायला लागला. मी झाऱ्याने गोळा करून वाडग्यात काढला. डेल्मरने त्यावर ताक ओतून चमच्याने खाल्लं आणि विचारलं, याला काही नाव ठेवलंय का.

बुधवारी साधं पांढरं पीठ आणलं. या वेळी वडे इतके देखणे झाले, कडा तांबूस, मधे सोनेरी, की मी फोटो काढणार होतो. मग वास आला. तुला माहीत आहे, आपल्याकडे प्रत्येक चुलीमागे कॉफीचे दोन जुने डबे असतात, एकात बेकनची चरबी आणि दुसऱ्यात मासे तळून उरलेलं तेल. व्हर्नेलने त्यांच्यावर कधी नाव घातलं नाही, तिचा हात आपोआप डावीकडे जायचा. आणि मी शहाणा, स्वयंपाकाला लागायचं तर आधी ओटा साफ करावा म्हणून सगळं पुसलं आणि डबे परत ठेवताना त्यांची अदलाबदल केली. म्हणजे मी माशाच्या तेलात कॉर्नब्रेड तळला, आणि मोहनही त्याचंच घातलं. डेल्मरने एक घास खाल्ला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, "कॉर्डेल, काटे बघून खायचे का?"

आता पुढचं वाचताना बसून घे. तो वास जाईना, म्हणून मी तवा साबणाने धुतला. तारेच्या काथ्याने घासला. वर पाण्यात भिजत टाकून झोपायला गेलो. सकाळी बघतो तर व्हर्नेलच्या आईचा, तीन पिढ्यांचा काळाभोर तवा गंजून नारिंगी. डेल्मर दारात आला, सिंककडे बघितलं आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली, मयताला काढतात तशी. म्हणाला, "व्हर्नेलला वर कळलं तर ती आजच्या आज खाली येईल." मी म्हटलं, मग अजून दोन दिवस भिजू देतो.

मग आम्ही तवा घासून, पुसून, डुकराची चरबी चोळून ओव्हनमध्ये ठेवला. चारदा चोळायचा, चारदा तापवायचा. ऑगस्टचं दुपारचं ऊन बाहेर आणि आत पेटलेला ओव्हन. आम्ही दोन म्हातारे ओसरीवर उघड्या अंगाने बसून कलिंगड खात होतो आणि खिडकीतून धूर येत होता. रस्त्यावरून पर्डीबाई गाडीतून गेल्या. थांबल्या नाहीत, पण गाडी फार हळू गेली.

पुढचा सबंध आठवडा तळलं गं. रोज. वडे कधी बुटाच्या तळव्याएवढे व्हायचे (माझा पंजा तू पाहिला आहेसच), बाहेरून काळे आणि आतून ओले. कधी पाणी कमी पडून चिरायचे. हातावर दोन फोड आले. डेल्मरचं वजन वाढलं. पण शुक्रवारी त्याने दोन वडे खाल्ले आणि काहीच बोलला नाही, आणि त्याच्याकडून तेवढं म्हणजे प्रशस्तिपत्रक.

आणि मग शनिवार. ताई, तू असायला हवी होतीस. साडेदहाला तिघी टोप्या घालून हजर. मी टेबलावर व्हर्नेलचा निळ्या चौकड्यांचा कापडी रुमाल घातला होता, भाजी, कांद्याची पात, सगळं. गरमगरम ताट पुढे ठेवलं आणि मी सिंकला टेकून उभा राहिलो. पर्डीबाईंनी एक वडा उचलला, वास घेतला (त्यांना डब्यांची बातमी होती, डेल्मरच्या पोटात काही राहत नाही), तोडला, भाजीच्या रसात बुडवला, खाल्ला. दुसरा उचलला. मग तिसरा. त्यांच्या चष्म्यावर वाफ आली होती, निदान त्यांनी तसं सांगितलं. बाकी दोघींनी दोनदोन संपवले. गिलियमबाईंनी रुमालाला बोटं पुसली आणि म्हणाल्या, "हा तर व्हर्नेलचाच हात आहे. माझे मफिन मी लहान मुलांच्या टेबलावर ठेवेन." पर्डीबाईंनी वही उघडली आणि टेबलाच्या टोकापुढे लिहिलं, व्हर्नेल. माझं नाव नाही, तिचं. मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात नाचलो, या गुडघ्यांनिशी, आणि तेव्हापासून जो उडतोय तो अजून जमिनीवर आलेलो नाही.

तर जागा राहिली. एवढंच कळवायचं होतं. भाऊजींना नमस्कार, पोरांना पापा. तू औषधं वेळेवर घे.

तुझा धाकटा आणि सध्या गावभर गाजत असलेला भाऊ,
कॉर्डेल

ता. क. – होमकमिंग चौथ्या रविवारी आहे. तू आधीच्या बुधवारच्या बसने निघ, म्हणजे गुरुवारी पोचशील. डेल्मर घ्यायला येईल, तळ्याचा विषय काढणार नाही असं त्याने कबूल केलंय. मागची खोली झाडून ठेवली आहे. सहज ये म्हणतोय, दुसरं काही नाही. अॅप्रन आण. साखर आणू नकोस.

ता. क. दुसरा – पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. तुझ्याशी खोटं बोलता येत नाही, लहानपणीही यायचं नाही. शनिवारी सकाळी माझे वडे जळले. सगळे. पहिला घाणा काळा, दुसरा त्याहून काळा, आणि नऊ वाजून गेलेले. बेकन संपलं म्हणून मागच्या मोठ्या फ्रीजरमध्ये हात घातला, तर तळाशी वाटाण्यांच्या पिशवीखाली चंदेरी कागदाची पुडी लागली. वर तिच्या अक्षरात 'सप्टेंबर'. आत आठ वडे. मी फक्त बघणार होतो, शपथ. पण फाटकात टोप्या दिसल्या, आणि मी त्यातले सात तव्यावर टाकले. त्या बायांनी जे खाल्लं ते तिचं होतं. जे बोलल्या तेही खरंच बोलल्या. आता रविवारी सव्वाशे वडे लागणार आहेत आणि मला ते माझ्या हाताने तळायचे आहेत, चर्चच्या अंगणात मी दुसऱ्यांदा फसवणार नाही. तू आणि व्हर्नेल दोघी तुझ्या-माझ्या आईच्या चुलीशी शिकलात. मला तीन दिवसांत शिकव. ओरडलीस तरी चालेल.

ता. क. तिसरा – आठातला एक उरलाय, तो पुन्हा पुडीत बांधून ठेवलाय. आलीस की नमुना म्हणून मागू नकोस, मी देणार नाही. थापताना तिने त्यावर तीन बोटं दाबली आहेत, ठसे अजून स्पष्ट आहेत. मी माझी बोटं त्यांवर ठेवून पाहिली. तिच्या तिनांच्या जागेत माझी दोनच मावतात.