रुग्णवाहिकेचा सेन्सर साहेबांच्या गाडीत बसवल्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य संचालक,
मुख्य कार्यालय.

विषय : काढून नेलेला सेन्सर रुग्णवाहिकेला परत मिळणे व निलंबित चालकास कामावर घेणेबाबत.
संदर्भ : रुग्णवाहिकेत बसण्यास नकार दिल्याबद्दल अर्जदारास मिळालेली नोटीस.

महोदय,

अर्जदार प्रसूती विभागात परिचारिका असून रुग्णवाहिकेतून रुग्णांसोबत जाते. मागवलेला खुलासा सादर करताना तिला शिसारी येत आहे, याची प्रथम नोंद व्हावी.

सदर वाहनात घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती. स्टेअरिंग वळवले तिकडेच गाडी वळते आहे ना, हे सीटखालचा सेन्सर पाहतो. गाडी भलतीकडे निघाली की यंत्रणा नेमक्या एखाद्या चाकाला ब्रेक लावते, इंजिनाचा जोर कमी करते आणि गाडीला वाटेवर आणते. एकदा वळणावरच्या खडीवरून गाडीचा मागचा भाग फेकला गेला. एक चाक करकरले आणि गाडी सरळ झाली. आतल्या आजींची सलाईनची बाटली नुसती हलली. "मी काही केलं नाही, सिस्टर, गाडीनंच सावरलं," असे ड्रायव्हरमामा घाम पुसत म्हणाले.

पुढे अधीक्षक साहेबांच्या त्याच बनावटीच्या गाडीतला सेन्सर बिघडला. नवा येईपर्यंत थांबणे त्यांना जमेना, म्हणून रुग्णवाहिकेचा काढून तिथे बसवला. मामांनी हरकत घेताच साहेब हसले. "तुमचे पेशंट झोपलेलेच असतात, त्यांना काय कळतंय?" असे ते अर्जदारासमक्ष म्हणाले. रुग्णवाहिकेत मग इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला, त्यावर काळी पट्टी चिकटवण्यात आली.

त्यानंतर कळा सुरू झालेल्या एका बाईंना नेताना ओल्या वळणावर सायकलवाला आडवा आला. मामांनी त्याला चुकवले, पण गाडीचा मागचा भाग फिरला तो फिरलाच, आणि गाडी नाल्यात कलंडली. अर्जदाराच्या गळ्याजवळचे हाड मोडले. मामांनी पाठीने दार उघडे धरले आणि अर्जदाराने एका हाताने बाळंतपण केले. मायलेकी सुखरूप आहेत. यंत्रणा असती तर काहीच झाले नसते, असे अर्जदार छातीठोक सांगत नाही. मात्र सावरण्याची संधीच काढून नेली होती, हे ती शपथेवर सांगेल.

चौकशी साहेबांनीच केली. ब्रेक उत्तम होते, कोणताही दिवा लागलेला दिसला नाही, सबब चालकाचा ताबा सुटला, असा निष्कर्ष काढून मामांना घरी बसवले. मग तो सेन्सर बसवलेल्या आपल्या गाडीतून साहेब अर्जदारास भेटायला आले आणि फुले देऊन गेले. ती फुले अर्जदाराने चिमटीत धरून कचऱ्यात टाकली.

आता रुग्णवाहिका ठोकून, रंगवून, सेन्सरविनाच पुन्हा कामाला लावली आहे. तिच्यात कोणाही बाईला झोपवणार नाही, हाच अर्जदाराचा खुलासा. सध्या शेजारच्या रुग्णालयाची गाडी मागवली जाते. आपल्या रुग्णवाहिकेची किल्ली अर्जदाराने हाताच्या झोळीत ठेवली आहे. सेन्सर बसला की ती मामांच्याच हातात दिली जाईल.

अद्याप आपल्या नोकरीत असलेली,
(सही, डाव्या हाताने)
परिचारिका, प्रसूती विभाग
दिनांक : नोटीस मिळाली तोच दिवस

सोबत : १) हाडाचा एक्स-रे २) पट्टी लावलेल्या दिव्याचा फोटो