परातीत पडलेले तीन

प्रिय सुगत,

सप्रेम जय भीम. गुवाहाटीत मी बरी आहे. नोकरी सुरळीत आहे आणि डबाही चांगला मिळतो, हे आईला सांग. तिचा गुडघा कसा आहे?

आता तुझ्याशी बोलते. अमरावतीला आपला खेळ आईच्या परातीभोवती चालायचा. तू गोष्ट सांगायचास, आम्ही तिच्यातली माणसं व्हायचो आणि तो वीस बाजूंचा फासा परातीत सगळ्यांदेखत पडायचा. आता मी इथून ऑनलाइन खेळते. फासा तू तिथे परातीत टाकतोस, मला तो दिसत नाही; मी तुझ्या शब्दावर विसंबते. मागच्या रविवारी गोष्टीतली माझी नावाडीण पूर्णेच्या पुरात सापडली. दहाच्या वर पडलं तरच ती वाचणार होती. "सतरा! वाचली!" तू ओरडलास. मी इथे एकटीनं टाळ्या वाजवल्या.

काल ज्योत्स्नाचा फोन आला; त्या रविवारी ती खेळात तुझ्या शेजारीच बसली होती. "ताई, तीनच पडले होते. सुगत म्हणे, ताई तिकडं एकटी हाये, तिले काहून रडवाचं?"

माझी कीव केलीस? सहा वर्षं जपलेली नावाडीण मेली असती तर मी रडले असते, पण तुमच्यात बसून रडले असते. त्या खोट्या सतरानं तू मला परातीजवळून उठवलंस.

येत्या रविवारी सगळ्यांसमोर ते तीन मोठ्यानं सांग आणि नावाडिणीला बुडव. मी कॅमेरा चालू ठेवीन. मी रडताना तू नजर चोरायची नाही.

रागावलेली, तरी तुझीच,
संध्याताई